कलिंगड कुणी खाऊ नये, ते आधी

आत्या,

तुझ्याबद्दल लिहायला बसलोय, त्याची आधी माफी मागतो. मला लेख लिहायची सवय नाही. परीक्षेतल्या उत्तरांपलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही. दुसरं कारण त्याहून वाईट आहे. मागच्या वेळी तू सांगितलेलं मी कागदावर उतरवलं, तेव्हा तुझ्याशी खोटं वागलो. ज्यानं एकदा असं केलं, त्यानं पुन्हा तुझ्यासाठी पेन उचलू नये. तरी उचललंय. दोनदा कागद फाडला, हा तिसरा आहे.

तू जाऊन चौदा दिवस झाले. तुझं वय किती होतं, छातीत कधी दुखायला लागलं, रिक्षा कुणी आणली, हे दादांनी, तुझ्या भावानं, येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. मी आतल्या खोलीत बसून ऐकत होतो. त्यात तू कुठंच नव्हतीस. मला तू दिसतेस ती टॉवेलच्या कारखान्यातून दुपारी घरी आलेली, पदरानं मान पुसत बादलीतल्या कलिंगडावरचं ओलं गोणपाट बाजूला करणारी. शेजारच्या फ्रिजमध्ये ठेवू का, असं मी एकदा विचारलं होतं. तू म्हणालीस, "गार आनि बरफ यात फरक हाय बाळा. उनातनं आलेल्या मानसाला गार द्यावं, बरफ देऊ ने."

बारावी झाल्यावर सांगोल्याकडच्या आमच्या गावातून मी सोलापूरला आलो, तेव्हा आमच्या घरात कॉलेजचं दार आतून पाहिलेलं कुणीच नव्हतं. दादा मेंढरांमागं, आई दुसऱ्यांच्या रानात. तुझ्या दोन खोल्यांतली एक तू मला दिलीस. दारावर खडूनं 'अभ्यास चालू आहे' असं माझ्याकडूनच लिहून घेतलंस, म्हणजे शेजारणी आत येणार नाहीत. त्या येतच होत्या. त्यांतल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्या "अभ्यास कसा चाललाय बघायला आलो" म्हणायच्या. तू त्यांना दारातच अडवून, आवाज बारीक करून सांगायचीस, "बिरू वाचतुया." जणू आत कुणी पूजेला बसलंय.

कलिंगड कसं घ्यायचं हे मी तुझ्याकडून शिकलो. गाड्यावरचा माणूस थापटून आवाज ऐकवायचा, तर तू म्हणायचीस, "त्येच्या हातानं वाजिवलेलं समदंच ग्वाड असतंय." मग स्वतः फळ उलटं करून जमिनीला टेकलेल्या बाजूचा डाग बघायचीस. डाग पांढरा असेल तर ठेवून द्यायचं, पिवळाधमक असेल तर घ्यायचं. कापून ठेवलेली फाक फुकट दिली तरी घ्यायची नाही, तिच्यावर आधी माश्यांनी जेवण केलेलं असतं. घरी आणल्यावर त्यातलं काही वाया जात नव्हतं. लाल आम्ही खायचो, पांढरं किसून ज्वारीच्या पिठात थालीपिठाला, नाहीतर मुगाची डाळ आणि शेंगदाण्याचं कूट घालून भाजीला. बिया धुऊन पत्र्यावर वाळायच्या आणि मीठ लावून भाजल्या की माझ्या डब्यात यायच्या. हिरवी साल पलीकडच्या शेळीला.

आणि तुझा तो रस. मिक्सर होता, पण त्यात बिया भरडल्या की कडवट होतं म्हणून तू फोडी हातानं कुस्करून चाळणीतून गाळायचीस. लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर मीठ. साखर नाही. "कलिंगडात साखर घालनारा गुळाला मद लावंल." पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी टॉवेलच्या घड्या घालणाऱ्या तुम्हा बायकांना घेरी यायची, म्हणून तू स्टीलच्या किटलीत एक दिवस हा रस न्यायचीस, एक दिवस ताक, एक दिवस ज्वारीची आंबील. कैऱ्या आल्या की गुळाचं पन्हं. बाटलीतलं रंगीत थंड तुमच्या शेडमध्ये कुणी पीत नसे. मालकाचा मुलगा प्यायचा. तू त्यालाही एकदा वाटीभर आंबील पाजलीस आणि तो दुसऱ्या दिवशी पेला घेऊन आला.

आपलं भांडण एकच होतं आणि ते मिटलं नाही. कलिंगडावर पाणी पिऊ नये, असं तू म्हणायचीस. मी म्हणायचो, त्याला काही शास्त्रीय आधार नाही, फळच मुळात पाण्याचं आहे.

"मग पानी प्याचंच कशाला, फळच पानी हाय तर?" तू.

"तसं नाही आत्या."

"कसं मग? सांग की. कालिजात शिकतुस न्हवं?"

एकदा ईर्ष्येनं मी तीन फाका खाल्ल्या आणि तुझ्यासमोर तांब्याभर पाणी प्यायलो. तू माझ्यासमोर मांडी घालून बसलीस आणि माझ्या पोटाकडं बघत राहिलीस. थोड्या वेळानं, "काय हुतंय का?" मी म्हणालो, काही नाही. "हुईल," म्हणालीस, आणि ताक करायला उठलीस. त्या दिवशी संध्याकाळी पोटात दुखलं होतं. ते कॉलेजबाहेर खाल्लेल्या भेळेनं, असं मला अजून वाटतं. पण तुला सांगितलं नाही. तुझ्यापासून लपवलेल्या गोष्टींमध्ये ही सगळ्यात छोटी.

मोठी आता लिहितो.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर कॉलेजात उपक्रम निघाला. प्रत्येकानं उन्हाळ्यातल्या आहारावर एक पत्रक तयार करायचं, वर्गात मांडायचं, आणि चांगली असतील ती छापून दवाखान्यांत वाटायची. मला विषय मिळाला 'आरोग्यदायी आहारात कलिंगड आणि घरगुती उन्हाळी पेये'. मी वही घेऊन सरळ तुझ्यासमोर बसलो. तू हरखलीस. कपाळावरचा पदर नीट केलास, जसा कुणी फोटोच काढणार आहे.

मी म्हणालो, "सांग, कलिंगड कुणी कुणी खावं?"

तू म्हणालीस, "आदी कुनी खाऊ ने त्ये लिव. मग कुनी खावं त्ये."

"असं कुणी सुरुवातीला लिहितं का?"

"तू लिव."

मग तू मामांचं सांगितलंस. तुझे यजमान, आमचे मामा, मी लहान असताना गेले, मला फक्त त्यांची शिट्टी आठवते. त्यांचे पाय सुजायला लागले, लघवी कमी झाली. कुणीतरी तुला सांगितलं, कलिंगडानं लघवी साफ होते. तू रोज अर्धं कलिंगड त्यांना भरवायचीस, वर लिंबू-मिठाचं पाणी द्यायचीस. मूत्रपिंडं आधीच थकलेली होती, हे कुणालाच माहीत नव्हतं. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, काय काय देत होता? तू अभिमानानं सगळं सांगितलंस. डॉक्टर काही रागावले नाहीत, फक्त म्हणाले, मावशी, यांना आता पाणीसुद्धा मोजून द्यायचं, हे फळ तर नकोच.

"त्ये गेले त्ये त्येंच्या आजारानं," तू म्हणालीस. "डाक्टर बी तसंच म्हनाले. पन मी पिरमानं भरवत हुते की रं. चुकीचं हाय म्हून कुनी सांगितलंच न्हाय." आणि मग लगेच, "लिव. ज्येच्या पायाला सूज हाय, किडनीचं दुखनं हाय, त्येनं डाक्टरला इचारल्याबिगर कलिंगड खाऊ ने. साखरंचा आजार हाय त्येनं येक फाक, रस न्हाय. बीपीवाल्यानं मीठ टाकू ने. लिवलंस? वाचून दाव."

मी वाचून दाखवलं. तू मान हलवलीस. बाकीचं सगळं, फळ निवडण्यापासून आंबिलीपर्यंत, तू त्यानंतर सांगितलंस.

मांडणीच्या दिवशी माझं पत्रक मॅडमना आवडलं. वर्गासमोरच त्यांनी विचारलं, "इतकी बारीक माहिती कुठून मिळवलीस?" माझ्याआधी एकानं डॉक्टर काकांचं नाव सांगितलं होतं, एकीनं इंग्रजी पुस्तकाचं. मी उभा राहिलो. तोंडात तुझं नाव आलं होतं आत्या, हे खरंच. पण डोळ्यांसमोर आली ती गोणपाटाची बादली, आणि सही करताना कोपर वर उचलून एकेक अक्षर काढणारी तू. मला वाटलं, हसतील. माहितीला आधार लागतो आणि आधार म्हणजे छापलेलं काहीतरी, एवढंच मला कॉलेजात कळलं होतं.

मी म्हणालो, "इंटरनेटवरून, मॅडम."

दुसरी मुलं इंटरनेटवरचं उचलतात आणि आपलं म्हणून सांगतात. मी तुझं उचललं आणि इंटरनेटचं म्हणून सांगितलं. वर मॅडम काय म्हणाल्या असतील? "छान. पण घरी कुणा मोठ्या माणसाला विचारलं असतंस तरी चाललं असतं. पुढच्या वेळी विचार." मी मान हलवून खाली बसलो.

छापायच्या वेळी एकच पान होतं. चित्र बसेना, दोन ओळी कमी करायला हव्या होत्या. कोणत्या काढायच्या ते मॅडमनी माझ्यावर सोडलं. त्यांचा यात काही दोष नाही. वर मी स्वतः जुळवलेल्या दोन ओळी होत्या. 'उन्हाळ्यावर करू मात, कलिंगड घेऊ हातात.' त्या ठेवल्या. 'कुणी खाऊ नये' त्या काढल्या. फायद्यांच्या कागदावर पहिल्यांदाच 'खाऊ नये' कसं दिसेल, असं वाटलं. मामांचे पाय माझ्या वहीत राहिले.

त्याआधी, मांडणीच्या दिवशी घरी आलो तेव्हा तू दारातच होतीस.

"झालं का? माजं नाव सांगितलंस?"

"व्हय."

"निस्तं आत्या म्हनालास, का नाव घिऊन?"

"नाव घेऊन."

"मंग बाई काय म्हनली?"

इथं थांबता आलं असतं. मी म्हणालो, "म्हणाल्या, हुशार आहेत तुझ्या आत्या." तू पदर तोंडावर घेऊन हसलीस. तुझे दात पुढं होते म्हणून तू नेहमी तशी हसायचीस. त्या दिवशी मात्र पदर निसटला तरी तुझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुझ्या शेडमध्ये ही बातमी टाळ्यांसकट पोचली. टाळ्या मी सांगितल्या नव्हत्या, त्या तुझ्या. बायका तुला "या मास्तरीनबाई" म्हणून चिडवायला लागल्या आणि तुला ते आवडायचं. मग तू मला विचारायला लागलीस, "छापून कदी येनार रं? माजं नाव छापल्यावर कसं दिसतंय बगायचं हाय."

मी म्हणालो, "मतदार यादीत आहे की तुझं नाव."

"त्यात मेलेल्यांचं बी असतंय."

तुला वाचता येत नव्हतं, पण सही येत होती. म्हणजे सगळ्या मराठी भाषेत तुला एकच शब्द वाचता येत होता, तुझं नाव. पत्रक माझ्या हातात आलं तेव्हा त्यावर तो शब्द नव्हता. खाली होतं, 'संकलन' आणि पुढं माझं पूर्ण नाव. त्याखाली, 'संदर्भ : इंटरनेट'. माझ्या वाट्याच्या प्रती मी दप्तराच्या तळाशी ठेवल्या आणि तुला म्हणालो, छापखान्यात वेळ लागतोय.

तू दर चार-आठ दिवसांनी विचारायचीस. रागानं कधीच नाही. पाहुण्यांची गाडी कधी येईल, असं विचारावं तसं. मला तेच सोसेना. तिसऱ्या वर्षाचा अभ्यास जड आहे म्हणून मी हॉस्टेलला खोली घेतली. अभ्यास जड नव्हता आत्या. तू मला थालीपिठं बांधून दिलीस, भाजलेल्या बियांचा डबा दिलास, आणि रिक्षावाल्याला बजावलंस, "पोरगं शिकतंय, खड्ड्यातनं नेऊ नगंस." सोलापुरात खड्डा सोडून रस्ता कुठं आहे, असं तो म्हणाला आणि तुम्ही दोघं हसलात. मी हसलो नाही. दप्तर मांडीवर घट्ट धरून बसलो होतो.

मग रविवार चुकायला लागले. या वर्षी कलिंगडं गाड्यांवर आली तसा तुझा फोन आला, "ये की रं, येकटीच्यानं येक फळ सरत न्हाय." मी परीक्षा सांगितली. दुसऱ्यांदा सबमिशन सांगितलं. तिसऱ्यांदा आलो. तीच शेवटची भेट. तू फाका कापल्यास, पाण्याचा तांब्या मुद्दाम माझ्यापासून लांब ठेवलास आणि माझ्याकडं बघून भुवई उडवलीस. मी तेव्हाच सांगायचं ठरवून आलो होतो. वाक्यसुद्धा तयार होतं. पण मीच आधी, तू विचारायच्याही आत, बोलून बसलो, "आत्या, ते पत्रक अजून छापून आलं नाही."

तू फाकेतल्या बिया नखानं काढत होतीस. वर बघितलं नाहीस. "बरं," म्हणालीस. "छापनाऱ्याला लई काम असंल." आणि साफ केलेली फाक माझ्या ताटलीत ठेवलीस.

मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते, तर त्या सुटल्यासारखं वाटण्याची.

नंतर दोन आठवड्यांनी सकाळी दादांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, "बिरू, तुजी आत्या गेली, ये." मी आलो. लोकांनी मला तुझ्या उशाशी जागा करून दिली. "लई जीव हुता त्येच्यावर," असं तुझ्या शेडमधली एक बाई दुसरीला सांगत होती, "कालिजात नाव घेतलं हुतं तिचं त्येनं." मी मान वर केली नाही. नाही म्हणायची ती शेवटची वेळ होती, आणि मी तीही घालवली.

मॅडमना अजून काही सांगितलेलं नाही. सांगणार आहे. पण आधी तुला सांगायचं होतं, आणि तुला सांगायला बसलो तर आता तुलाच मला सांगायचं होतं असं दिसतंय. कारण काल दुपारी दवाखान्यातल्या आशा वर्कर रेणुकाताई घरी आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. बसल्या, पाणी घेतलं, आणि मला म्हणाल्या, "बिरुदेव तुम्हीच का? कलिंगडाच्या कागदावर नाव आहे ते?"

"हो," मी म्हणालो.

त्या सांगत गेल्या. दीड महिन्यामागं तू बीपीच्या गोळ्या न्यायला दवाखान्यात गेली होतीस. म्हणजे आपल्या शेवटच्या भेटीच्या आधी, आत्या. गेल्या वर्षीच्या पत्रकांचा उरलेला गठ्ठा त्यांनी पुन्हा वाटायला काढला होता. तुला एक दिलं. तू चित्र बघितलंस आणि बाकावर बसून वरपासून खालपर्यंत कागदावर बोट फिरवत राहिलीस. रेणुकाताईंना वाटलं, तू वाचतेयस. मग तू तो त्यांच्याकडं दिलास, "सगळं वाचून दाव. खालचं बारीक बी."

त्यांनी वाचलं. खालचं बारीकही. तू म्हणालीस, परत वाच. त्यांनी परत वाचलं. मग तू म्हणालीस, "ह्यात येक ऱ्हायलंय. पेन घे."

दोन दुपारी तू कामावरून सुटून तिथं गेलीस. रेणुकाताई लिहायच्या आणि तू पुढचा कागद त्यांच्यासमोर सरकवायचीस. गठ्ठा संपेपर्यंत. त्यातला एक त्यांनी पर्समधून काढून माझ्या हातात दिला. माझ्या दोन ओळींच्या वर, जागा नव्हती तिथं, निळ्या बॉलपेननं दाटीवाटीनं लिहिलं होतं, पायाला सूज असेल, किडनीचा आजार असेल त्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय कलिंगड खाऊ नये. तुझं नाव तू तिथंही घालून घेतलं नव्हतंस.

"मी म्हटलं त्यांना," रेणुकाताई म्हणाल्या, "मावशी, छापील कागदावर असं आपण कसं लिहायचं? ज्यानं लिहिलंय तो शिकलेला माणूस, त्याला चालेल का? तुम्ही कोण त्याच्यात भर घालणार?"

"मग?" मी विचारलं.

"तर मलाच रागावल्या. म्हणाल्या, 'कोन म्हंजे? आत्या हाय मी त्येची. मलाच इचारून लिवलंय त्येनं समदं. येवडंच घाईत ऱ्हायलं पोराचं.'"